टीबीच्या सरकारी गोळ्या आमच्या काउंटरवर ठेवा

नाशिकच्या दिंडोरी रोडला माझं मेडिकल आहे. टीबीची औषधं शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत येतात, म्हणून डॉक्टर कोण, पेशंट कोण, किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं. त्यामुळे कोर्समधून कोण गळालं ते आम्हाला लगेच दिसतं. "आठवड्यापुरत्याच द्या भाऊ, पगार झाला की बाकीच्या नेतो," म्हणणारा सातपूरचा कामगार पगारानंतर येतोच असं नाही. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. मग चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. बरं वाटायला लागतं तिथेच गोळ्या सुटतात.

खासगी डॉक्टरचा पेशंट असला तरी सरकारी औषध मोफत मिळतं, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. ज्यांना ठाऊक आहे त्यांची अडचण वेगळी. औषध देणारं सरकारी आरोग्य केंद्र दिवसा उघडं आणि हे दिवसा कंपनीत. खाडा केला की हजेरी गेली. पेठ-सुरगाण्याहून निफाडला द्राक्षाच्या छाटणीला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. नोंद तिकडे, मुक्काम बागेत. निक्षय या टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर केंद्र बदलून मिळतं, पण त्यासाठी कुणाला तरी सांगावं लागतं, आणि मुकादमाच्या कानावर गेलं तर काम जाईल ही धास्ती.

बरं, ही काही नवी औषधं नाहीत. आयसोनियाझिड १९५२ पासून वापरात आहे, आपल्याकडेच बनतं. तरी मार्च २०२४ मध्ये साठा आटला आणि केंद्र सरकारने राज्यांना तीन महिन्यांपुरती स्थानिक खरेदी करायला सांगितलं. तेही जमलं नाही तर पेशंटने विकत घ्यावं, पैसे परत देऊ! परत मिळायला आधी खिशात असावे लागतात, साहेब.

मुंबईत २०१४ पासून खासगी डॉक्टरांच्या पेशंटना व्हाउचरवर केमिस्टकडून मोफत औषध देण्याचं काम झालंय. मग नाशिकमध्ये, आणि तालुक्याच्या बाजारपेठेतही, ते का नको? रजिस्टर आमच्याकडे आहेच, फ्रीज लागत नाही, दुकान रात्री दहापर्यंत उघडं. निक्षय आयडी दाखवा, महिन्याच्या गोळ्या न्या. आम्हाला पाकिटामागे थोडं शुल्क द्या. हो, यात माझाही फायदा आहे, तो कशाला लपवू? आणि जिल्ह्यात निदान तीन महिन्यांचा साठा कायम हवा, नाहीतर काउंटरवर ठेवणार काय?

केमिस्ट गोळ्या विकून खातील, अशी शंका येणारच. पाकिटावर 'विक्रीसाठी नाही' छापलेलं असतं, बॅच नंबर असतो, आयडीही नोंदलेला राहील. तपासायला कधीही या, न कळवता या.