पार्टिशनवर अडकलं म्हणजे डिस्क गेली?

चवथीच्या सुट्टीत शाळांच्या लॅब रिकाम्या असतात, म्हणून लिनक्स नव्याने घालायची कामं आम्ही त्याच दिवसांत उरकतो. यंदा गोव्यातल्या फोंडा तालुक्यात एका शाळेत वीस यंत्रं होती. सगळी कुठल्या ना कुठल्या ऑफिसातून दान आलेली. नेटवर्कवरून बूट, प्रीसीडची (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली) एकच फाइल, आणि आपण चहा प्यायला मोकळे, असा बेत होता. तेरा यंत्रं सरळ गेली, सात पार्टिशनवर, म्हणजे डिस्कचे भाग पाडण्याच्या पायरीवर, अडकली. तेवढ्यात लॅबच्या सरांनी संगणक शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा एक मेसेज पुढे केला. तो तुमच्याकडेही आला असेल:

“डेबियनचं ऑटोमॅटिक इन्स्टॉल पार्टिशनवर अडकलं तर डिस्क खराब समजा. डीडीने पहिले ५१२ बाइट पुसून बघा. प्रीसीडमध्ये डिस्क एसडीए द्या आणि सगळ्या कन्फर्मना ट्रू करा. तरी अडकलं तर हाताने करा, ऑटोमेशन भरवशाचं नाही.”

डेबियन हा लिनक्सचा एक प्रकार, आणि डीडी ही डिस्कवर थेट लिहिणारी कमांड. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुणाचा तरी डेटा घालवू शकतं.

पहिलं, “डिस्क खराब समजा”. पार्टिशन करताना डिस्कवर लिहिलं जातं ते किती? पार्टिशन टेबलाचे, म्हणजे भागांच्या यादीचे, मोजके सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे). डिस्क मरायला टेकली असेल तर ती बहुतेक वेळा पुढे, फॉरमॅट करताना किंवा पॅकेज उतरताना रडते. शिवाय मरणारी डिस्क गप्प बसत नाही. इन्स्टॉलर चालू असताना ऑल्ट आणि एफ४ दाबा, सिसलॉग, म्हणजे यंत्रणेची नोंदवही, समोर येतो. तिथे आय-ओ एररच्या (वाचता-लिहिता न आल्याच्या) ओळी ओतत असतील तर डिस्कवर संशय घ्या. नसतील तर ऑल्ट-एफ२ ने कमांड द्यायचा शेल उघडा आणि लॉगच्या फोल्डरातली ‘पार्टमन’ नावाची फाइल वाचा. पार्टमन म्हणजे डेबियन इन्स्टॉलरचा पार्टिशन करणारा भाग. तो शेवटी कुठे थांबला ते त्यात असतं. किकस्टार्टवाल्यांनी (ती रेड हॅट घराण्यातली प्रीसीडसारखी सोय) टेम्प फोल्डरातला स्टोरेज लॉग बघावा. ही दोन मिनिटं न देता डिस्क भंगारात काढलेली मी पाहिली आहे.

आता ५१२ बाइट. इथे जरा थांबायला हवं, कारण हा उपाय अर्धवट चालतो आणि म्हणूनच जास्त फसवतो. एमबीआर या जुन्या पद्धतीच्या काळात पार्टिशन टेबल खरंच पहिल्या ५१२ बाइटांत मावत असे. जीपीटी या नव्या पद्धतीत पहिला सेक्टर फक्त राखणदार असतो. खरं हेडर त्याच्या पुढच्या सेक्टरमध्ये, त्यामागे नोंदी, आणि या सगळ्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी. पहिला सेक्टर पुसलात की एका साधनाला डिस्क कोरी वाटते, तर दुसऱ्याला तीच जीपीटी अजून दिसते. चवथीला गणपतीवर टांगतात त्या माटोळीचं एक फळ काढून माटोळी उतरवली म्हणण्यातला प्रकार.

त्याहून वाईट आहे ते पार्टिशनच्या पोटातलं. आमच्या सातपैकी पाच यंत्रांत पूर्वी सॉफ्टवेअर रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणं) किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटणं) होतं. एमडी-अ‍ॅडम हा रेडचा कारभारी आपली खूण व्हर्जनप्रमाणे कधी शेवटी, कधी सुरुवातीपासून चार किलोबाइटवर ठेवतो. एलव्हीएमचं लेबल सहसा दुसऱ्या सेक्टरमध्ये असतं. आणि आजची साधनं पहिलं पार्टिशन बहुतेक वेळा २०४८व्या सेक्टरवर, म्हणजे १ एमआयबीवर सुरू करतात. तुम्ही टेबल पुसलं आणि नवं पार्टिशन पुन्हा त्याच २०४८व्या सेक्टरवर आलं की जुनी खूण जशीच्या तशी जिवंत होते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो रेड किंवा व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमने बांधलेला गट) उचलून धरतो आणि पार्टमनला उत्तर मिळतं: “डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी”. डिस्क ठणठणीत असते, फक्त ती दुसऱ्याच्या हातात असते.

याचा क्रम असा: आधी एलव्हीएम असेल तर व्हॉल्यूम ग्रुप निष्क्रिय करा, मग रेड थांबवा. त्यानंतर प्रत्येक पार्टिशनवर वाइपएफएस (अशा खुणा शोधून पुसणारं साधन) चालवा, आणि शेवटी पूर्ण डिस्कवर. उलट केलंत तर पार्टिशनांतल्या खुणा तशाच राहतात. वाइपएफएस नुसता चालवला तर काहीच पुसत नाही, सापडलेल्या खुणा फक्त दाखवतो. तेव्हा आधी बघा आणि मगच पुसण्याचा पर्याय द्या. आम्ही लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून हे केलं, पाचही यंत्रं पुढे सरकली.

“डिस्क एसडीए द्या.” एसडीए हे डिस्कचं नाव नाही, कर्नलला आधी कोण भेटलं त्याचा तो नंबर आहे. पेनड्राइव्ह लावून बूट केलं तर तोही एसडीए होऊ शकतो. एनव्हीएमई प्रकारच्या डिस्कची तर नावाची पद्धतच वेगळी. एका यंत्रात एकच डिस्क असेल तर डेबियनचा इन्स्टॉलर न सांगता तीच घेतो, ओळ लिहायची गरजच नाही. दोन असतील तर बाय-आयडी या फोल्डरातलं नाव बघा. पण त्यात सिरियल नंबर असतो, तो प्रत्येक यंत्राला वेगळा. एकाच मॉडेलची यंत्रं असतील तर बाय-पाथ जास्त कामाचं, कारण ते डिस्क कुठल्या पोर्टला लावली आहे ते सांगतं.

आणि “सगळ्या कन्फर्मना ट्रू करा”. लॅबमध्ये ते करावंच लागतं, नाहीतर इन्स्टॉलर प्रश्न विचारून उभा राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं हँग झालाय. नवं पार्टिशन टेबल लिहू का, जुनं एलव्हीएम काढू का, जुना रेड काढू का, बदल डिस्कवर लिहू का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत. एक उत्तर राहिलं की सगळंच थांबतं. पण त्या ट्रूला अर्थ येतो तो डिस्क ठरल्यावर. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एसडीए आणि सगळं ट्रू अशी जोडी वापरली होती. त्या यंत्राला मागच्या बाजूला सरांची एक्स्टर्नल डिस्क लावलेली होती, परीक्षेच्या कामांची. पुढचं सांगत नाही. त्या शाळेत मला अजून चहा मिळतो, हे सरांचं मोठेपण.

मेसेजात नसलेली एक चूक मात्र सगळ्यांच्या फाइलींत दिसते. पार्टमनच्या रेसिपीत (कुठल्या पार्टिशनला किती जागा, त्याची यादी) प्रत्येक पार्टिशनला तीन आकडे असतात: कमीत कमी आकार, प्राधान्य, जास्तीत जास्त आकार. मधला आकडा म्हणजे हवा तो आकार असं समजून लोक भरतात. तो जागेच्या ओढाताणीत कुणाचं वजन किती, एवढंच सांगतो. आणि टक्का लिहिलात तर तो डिस्कचा नाही, रॅमचा. रूटला (मुख्य पार्टिशनला) जास्तीत जास्त ५०% लिहून ८ जीबी रॅमच्या यंत्रावर ४ जीबीचं रूट मिळालेले लोक मला भेटले आहेत. आमचं सहावं यंत्र याच्याच भावकीतलं निघालं: डिस्क लहान, आणि किमान आकारांची बेरीज तिच्याहून मोठी.

हाताने करा म्हणणाऱ्यांना एवढंच: हाताने करताना तुम्ही स्क्रीन वाचून उत्तर देता, आणि तीच उत्तरं फाइलीत नव्हती. वीस यंत्रांवर तीच स्क्रीन वीसदा वाचण्याची माझी तयारी नाही.

सातवं यंत्र राहिलं. त्याच्या सिसलॉगमध्ये आय-ओ एररच्या ओळी खाली सरकत होत्या. ती डिस्क मात्र खरंच गेलेली होती. सरांनी ती काढून कपाटात ठेवली आहे, मुलांना आतली तबकडी दाखवायला.