कान यांच्यावरचा लेख आवडला
ओलिव्हिए कान या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाबद्दल मराठीत वाचायला मिळालं, खूप बरं वाटलं. मी म्हापशाला बारावीला केमिस्ट्री शिकवते, पावसाळ्यात लॅबमधली निळी सिलिका जेल बघता बघता गुलाबी पडते, पण तिथे हवेतलं पाणी आत शिरतं हो, कानच्या लोह-ट्रायझोल (ट्रायझोल म्हणजे नायट्रोजनवालं एक सेंद्रिय संयुग) पावडरीत बाहेरून काही यावंच लागत नाही, नुसती तापवली की लोहाचे इलेक्ट्रॉन जागा बदलतात नि जांभळ्याची पांढरी होते! आणि थंड करताना बऱ्याच खालच्या तापमानाला परत जांभळी, म्हणजे मधल्या तापमानात ती तापून आली की थंड होऊन ते रंगच सांगतो, हीच तिची मेमरी. लेखात हे एका ओळीत उरकलंय, ते नाही पटलं. १९९८ ला ‘सायन्स’ या नियतकालिकात यावरचा पेपर आणि १९९९ ला माणूसच गेला, साठीसुद्धा गाठली नाही, फार वाईट वाटतं. गोवा विद्यापीठात एमएस्सी करणाऱ्या मुलांनी हा विषय जरूर वाचा.