‘सुशेगाद कन्सल्टंट’ म्हणून मिळालेल्या दोन ताऱ्यांना आमचं उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय आला त्याच दिवशी वाचला. लगेच उत्तर लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबलो. तुमचं किंवा तुमच्या कंपनीचं नाव इथे घेणार नाही. तुम्ही स्वतः जे जाहीर लिहिलंय तेवढ्यालाच उत्तर देतो; कार्यशाळेत कोण काय बोललं ते त्या खोलीतच राहील.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुमची टीम नऊ जणांची. पाच जण पणजीच्या ऑफिसात, एक जण पुण्यात, एक वाळपईला घरून आणि दोघी लिस्बनला. सप्टेंबरात आम्ही दुरून काम करणाऱ्या टीमसाठी अ‍ॅजाइलची, म्हणजे काम थोड्या थोड्या टप्प्यांत करून वरचेवर तपासत पुढे जाण्याच्या पद्धतीची, दोन दिवसांची कार्यशाळा घेतली आणि पुढचे सहा आठवडे अधूनमधून तुमच्या बैठकांना बसलो. तुमच्या तक्रारी अशा: दुसऱ्या दिवशी दीड तास नेट नव्हतं, तरी पैसे पूर्ण घेतले. टूल एकही शिकवलं नाही, ‘चिठ्ठ्या चिकटवून घेतल्या आणि टीमचा करार नावाचा एक कागद हातात दिला’. डेलीमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या बैठकीत, तुम्हालाच गप्प बसायला सांगितलं. एकाच ऑफिसातल्या पाच जणांना हेडफोन लावून एकमेकांशी बोलायला लावलं. घड्याळं बदलली तेव्हा आठवडाभर घोळ झाला. अ‍ॅजाइलच्या जाहीरनाम्यातच समोरासमोर बोला म्हटलंय, तर हे रिमोट अ‍ॅजाइल कुठलं? आणि शेवटी ती पदवी, ‘सुशेगाद कन्सल्टंट’. सुशेगाद म्हणजे निवांत, आरामात असणारा.

नेटचं आधी घेतो, कारण तिथे आमची बाजूच नाही. पावसात लाईट जाणं गोव्यात कोणाला नवं नाही, माडाचं एक झावळं तारेवर पडलं की पुरे. त्यासाठीच तर इन्व्हर्टर घेतला होता. त्या दिवशी पंखे फिरत होते, दिवे लागले होते, आणि राउटर मात्र मागच्या साध्या सॉकेटला! दुसऱ्यांना दुरून काम करायला शिकवणाऱ्या माणसाने हे आदल्या दिवशी बघायला नको का? पण तुम्ही न लिहिलेली एक चूक मला जास्त टोचते. नेट येईपर्यंत थांबायचं सोडून आम्ही खोलीतल्या पाच जणांना घेऊन पुढे चालत राहिलो. पडद्यावरचे चौघे बाहेर राहिले आणि काय ठरलं ते त्यांना नंतर ‘कळवण्यात’ आलं. ज्या दुखण्यावर औषध द्यायला बसलो होतो, तेच दुखणं आम्ही त्यांना दिलं. त्या दीड तासाचे पैसे सोमवारी परत पाठवलेत, पावती मेलवर आहे. राउटरही आता इन्व्हर्टरवर आहे.

घड्याळाची चूकही आमचीच, पण ती जरा नीट सांगतो, कारण युरोपातल्या माणसांबरोबर काम करणारी प्रत्येक टीम त्यात एकदा तरी सापडते. आपलं घड्याळ वर्षभर एकच असतं. लिस्बनचं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातं आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येतं. म्हणजे उन्हाळ्यात अंतर साडेचार तासांचं आणि हिवाळ्यात साडेपाच तासांचं. तुमची डेली आपल्या दुपारी अडीचला, तेव्हा तिकडे सकाळचे दहा. आता गंमत बघा. कॅलेंडरमध्ये निमंत्रणं दोन होती, एक पणजीहून केलेलं, एक लिस्बनहून. घड्याळ बदललं तसं पणजीचं निमंत्रण अडीचलाच राहिलं आणि लिस्बनचं आपल्या साडेतीनला सरकलं. निम्मे लोक एका लिंकवर वाट बघत, निम्मे दुसऱ्या. पहिल्याच दिवशी ‘हे निमंत्रण कोणाच्या घड्याळावर केलंय?’ असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. ऑफिसच्या वेळा बघितल्या तर दोन्हीकडचे लोक एका वेळी जागेवर सापडतात ते उन्हाळ्यात साधारण पाच तास आणि हिवाळ्यात चार. त्यातलाही आठवडा आम्ही घालवला.

इथपर्यंत तुमचं खरं. पुढच्या मुद्द्यांवर मात्र माझं म्हणणं वेगळं आहे.

टूलबद्दल दोनच वाक्यं. तुमच्याकडे कोणतं काम कुठवर आलंय ते दाखवणाऱ्या बोर्डचं टूल होतं, गप्पांचं होतं, व्हिडिओचं होतं आणि ती तिन्ही लोकांना वापरता येत होती. चौथं शिकवून मी बिल वाढवलं असतं, एवढंच.

आता चिठ्ठ्या. प्रत्येकाला पाच मिनिटं गप्प बसून एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला सांगितलं होतं: गेल्या पंधरवड्यात ठरलेली अशी कुठली गोष्ट तुम्हाला उशिरा कळली? चिठ्ठ्यांवर नाव नव्हतं. त्यांवर काय होतं ते तुम्ही स्वतः वाचलंय, मी इथे सांगत नाही. पण असल्या टीमची साधारण गोष्ट सांगतो, तुमची म्हणून नव्हे. ऑफिसातले लोक दहा वाजता खाली भाजी-पाव खायला उतरतात. खाता खाता एक जण म्हणतो, ‘पेमेंटची ती पायरी पुढच्या स्प्रिंटला ढकलू या की.’ (स्प्रिंट म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा.) दुसरा मान डोलावतो. तिसऱ्याच्या तोंडात पाव असतो, म्हणजे त्याचीही संमती. पावणेअकराला सगळे वर येतात आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. तिकडे घरून काम करणारा माणूस तीच पायरी आणखी दोन दिवस इमानेइतबारे घासत बसतो. मग स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवतात त्या रिव्ह्यूत त्याला कळतं आणि त्या दिवसापासून तो कमी बोलू लागतो. मॅनेजर म्हणतो, ‘रिमोटच्या लोकांचा सहभाग नाही.’

यात कोणी वाईट नसतं. निर्णय भाजी-पावाच्या टेबलावर होतात म्हणून भाजी-पाव बंद करा, असं मी म्हटलेलं नाही आणि गोव्यात म्हणण्याची माझी छाती नाही. म्हटलं ते इतकंच, की ज्याच्या समोर निर्णय झाला त्याने वर आल्यावर तीन ओळी लिहायच्या. काय ठरलं, का ठरलं, आणि कोणाची हरकत असेल तर ती कधीपर्यंत सांगायची. पहिल्या दोन ओळी लोक आनंदाने लिहितात, खरी गोम तिसरीत आहे. ती नसली की तो निरोप होतो. ती असली की लिस्बनच्या माणसाला ‘थांबा’ म्हणता येतं. ‘टीमचा करार’ म्हणून तुम्हाला जो कागद फालतू वाटला, त्यात हेच आहे. शिवाय गप्पांतल्या प्रश्नाला किती वेळात उत्तर मिळावं, आणि फोन कधी करायचा. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते, पण कोणता प्रवेश कधी आणि आधी कोण येणार हे पडद्यामागे ठरवूनच मंडळी बाहेर पडतात, तेव्हा कुठे रंगमंचावर त्यांना शब्द सुचतात. तुमच्या टीमला शब्द सुचत होते. पडद्यामागचं ते बसणंच कधी झालं नव्हतं.

हेडफोनचं तुम्हाला हसू येतं, ते समजू शकतो. पाच जण एका मोठ्या स्क्रीनसमोर बसले की त्यांच्यात कुजबूज होते, कोणी विनोद करतो, हशा पिकतो. दुसऱ्या टोकाला ऐकू येतो तो नुसता गलबला. एक जरी माणूस दूर असला तर सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून यायचं, म्हणजे सगळ्यांचा चौकोन सारखा. लॅपटॉप शेजारी ठेवले की आवाज घुमतो, म्हणून वेगवेगळी टेबलं आणि हेडफोन. दिसायला विचित्र, कबूल. कॅमेऱ्याची मात्र सक्ती केली नाही. वाळपईकडच्या नेटवर चेहरा आणि आवाज यातलं एकच नीट येणार असेल तर आवाज येऊ दे.

आणि डेली. तुम्ही लिहिलंय, ‘आमची 40 मिनिटांची मीटिंग 15 वर आणायला सांगितली आणि मलाच गप्प बसवलं.’ हे 15 मिनिटांचं माझं नाही. स्क्रम ही अ‍ॅजाइलचीच एक पद्धत; ती मांडणाऱ्या केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडमध्ये ते आहे. नोव्हेंबर 2020 ची आवृत्ती फुकट मिळते, पंधरा पानांच्या आत आहे, एका बैठकीत वाचून होते. त्यात डेली ही काम करणाऱ्या डेव्हलपरांची म्हटलीय, स्प्रिंटच्या ध्येयाकडे आपण कुठवर पोचलो ते बघून आजचं काम ठरवण्यासाठी. ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे तीन प्रश्नसुद्धा त्या आवृत्तीतून गेले, तरी अजून कितीतरी टीम ते पाढ्यासारखे म्हणतात. तुम्ही समोर असलात की लोक तुम्हाला सांगतात, एकमेकांना सांगत नाहीत. हा तुमचा दोष नाही. मास्तर वर्गात आले की बाकावरच्या मुलाशी बोलायचं नाही, हे आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलंय. म्हणून बोर्डवरच्या उजव्या टोकापासून, म्हणजे संपत आलेल्या कामापासून सुरुवात करायला लावली, आणि दूरच्या चौघांनी आधी बोलायचं ठरवलं.

मात्र तुम्हाला गप्प राहा हे मी सगळ्यांदेखत सांगितलं. ते आधी बाजूला घेऊन, एकट्याला सांगायला हवं होतं. त्याबद्दल माफी मागतो, मनापासून.

‘आता ग्रुपवर कोणी बोलतच नाही’ हेही तुम्ही लिहिलंय. ते मी हलक्यात घेत नाही. ‘झालं का?’ आणि ‘बघतो’ हे मेसेज कमी झाले असतील तर उत्तम. प्रश्न आणि हरकतीही थांबल्या असतील तर आमचं काहीतरी चुकलंय. ग्रुप उघडून तुम्हाला पाच मिनिटांत कळेल.

जाहीरनाम्याचं म्हणाल तर बरोबर आहे. 2001 साली अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला सॉफ्टवेअरमधले 17 जण जमले, तिथे तो जाहीरनामा झाला, आणि त्यांच्या 12 तत्त्वांत समोरासमोरच्या बोलण्याला सगळ्यात प्रभावी म्हटलंय. मलाही ते पटतं. म्हणून तर म्हणतो, सगळ्यांना एकत्र मिळणारे हे चार-पाच तास स्टेटस वाचून दाखवण्यात घालवू नका. लिहून कळतं ते लिहा आणि ज्यावर वाद होणार आहे त्यासाठी एकमेकांना भेटा. तुमचा रेट्रो, म्हणजे काय जमलं आणि काय चुकलं ते बोलायची बैठक, शुक्रवारी संध्याकाळी सहाला असायचा, पणजीत सगळ्यांचं लक्ष घरच्या बसकडे आणि लिस्बनला जेवणाची वेळ. त्या वेळेला समोरासमोर बसून तरी कोण खरं बोलणार?

सुशेगादबद्दल एवढंच म्हणतो, की आमच्याकडे तो शब्द शिवी म्हणून वापरत नाहीत.

तुमची उरलेली दोन सत्रं आहेत, ती रद्द करायची असतील तर त्यांचेही पैसे परत मिळतील. ठेवायची असतील तर पहिलं सत्र फक्त दूरच्या चौघांबरोबर घेऊ, तेही मोफत, कारण सप्टेंबरातला तो दीड तास त्यांचा बुडाला होता. गुरुवारी दुपारी साडेतीन, लिस्बनला सकाळचे दहा. निमंत्रण एकच असेल आणि ते लिस्बनच्या घड्याळावर केलेलं असेल.

— मालक आणि प्रशिक्षक, पणजी