रूळ दिसला की काय बोलावं

मुंबईत रस्त्याच्या डांबरातून रुळाचा तुकडा डोकावताना दिसला, तर मुळीच खाली वाकू नका. वाकलात की टेप लावावीशी वाटेल, आणि टेप लावलीत की मजा संपली. दोन रुळांमध्ये पाच फूट सहा इंच भरले तर ती मोठी रेल्वे. अंतर बरंच कमी, शिवाय रुळाच्या माथ्यावरच खोबण, तर ट्राम. घोड्यांची ट्राम १८७४ला आली, विजेची १९०७ला, आणि ३१ मार्च १९६४ला सगळाच कारभार आटोपला. एवढं कळल्यावर माणसाने बोलायचं काय?

त्यापेक्षा ताठ उभे राहा, कमरेवर हात ठेवा आणि म्हणा, "गव्हर्नरची खासगी लाइन. खाली भुयार आहे." भुयार कधीही वाया जात नाही.

बॅलार्ड पिअर ते वडाळा या पट्ट्यात तर जपूनच राहा. इथे १९१५पासून पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे होती, गोद्या आणि गोदामं जोडणारी. पण ती कापसाच्या गाठी आणि धान्याची पोती वाहायची, हे चुकूनही तोंडातून काढू नका. आपल्या खापरपणजोबांनी वऱ्हाडात वेचलेला कापूस या वाटेने गेला असेल, असं कुणाला सांगून पाहा. समोरचा मोबाइल काढतो. तोफा म्हणा. फार तर खजिना म्हणा. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर मात्र काही न बोलता पुढे सरका. विलायतेच्या बोटीतून उतरलेला साहेब तिथल्या स्टेशनातच गाडीत बसून थेट उत्तरेकडे निघायचा. खरी गोष्टच इतकी झकास असली की थापेला वाव राहत नाही.

सँडहर्स्ट रोडला हार्बरची गाडी डोक्यावरून जाते. ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी गेली ती याच वाटेने. तुम्ही "पुराच्या भीतीने वर बांधली" असं ठोकून द्या.

चर्चगेटला रूळ एकदम का संपतात, हा प्रश्न हमखास येतो. लोखंड संपलं, हे उत्तर तयार ठेवा. रूळ पुढे कुलाब्यापर्यंत होते, १९३०च्या ३१ डिसेंबरला ते स्टेशन बंद केलं आणि त्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वेच्याच अधिकाऱ्यांची वसाहत आहे, हे सांगत बसलात तर ऐकणाऱ्याची लोकल चुकेल.

एखाद्या जुन्या स्टेशनच्या टोकाला लोखंडी खांब दिसेल. वर आडवा हात, बुडाशी गंजलेलं चाक. वाफेच्या इंजिनात पाणी भरायचा नळ तो. चाक फिरवलं की पाणी यायचं. तुम्ही बेधडक "फाशीचा खांब" म्हणा आणि आवाज थोडा खाली आणा.

एकच धोका उरतो. टपरीवर एखादे निवृत्त रेल्वेवाले काका भेटतात आणि सगळ्यावर पाणी ओततात. "अहो, सायडिंग आहे ती. मालगाडीच्या वाघिणी लावायचो आम्ही. पावसात ब्रेक धरत नसे, मग चाकाखाली लाकडी ठोकळा." आता ठोकळ्याचं काय करायचं? काकांशी वाद घालू नका. कटिंग पाजा, रुळाकडे बोट दाखवायला सांगून फोटो काढा आणि खाली लिहा: 'भुयाराचं तोंड दाखवताना स्थानिक जाणकार.'