कागदविरहित कामकाजाच्या तीन प्रती

परिपत्रक आलं ते कागदावरच आलं. वर विद्यापीठाचं बोधचिन्ह, खाली गोल शिक्का आणि विषय : 'कागदविरहित कामकाज व डिजिटल सेवांमधील सुधारणांबाबत'. शेवटी टीप होती, पोच म्हणून सहीची प्रत दोन दिवसांत परत पाठवावी. आमच्या विभागात त्याच्या तीन झेरॉक्स निघाल्या. एक फायलीला, एक सूचनाफलकाला आणि एक मला.

मला, कारण मी विभागाचा नोडल अधिकारी. या पदाची निवड अत्यंत पारदर्शक असते. मागे कधीतरी सगळ्यांदेखत ज्याला प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढता आला, तो निवृत्तीपर्यंत नोडल अधिकारी. भत्ता नाही. पण कुणाचाही फोन अडकला की तो आपल्याच टेबलावर येतो, यात एक मान आहे, असं विभागप्रमुख म्हणतात. त्यांचा तर आठवड्यातून दोनदा येतो.

पहिली सुधारणा म्हणजे नवं वायफाय. आमची इमारत काळ्या दगडाची, इंग्रजांच्या काळातली. भिंती एवढ्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात दोन मुलं मांडी घालून डबा खातात. बांधणाऱ्याच्या मनात बहुधा तोफगोळे असावेत, रेडिओलहरी नसाव्यात. वायफायच्या लहरींचा पाच गिगाहर्ट्झचा वेगवान पट्टा या दगडापुढे हात टेकतो. दोन पूर्णांक चारचा मंद पट्टा आत शिरतो, पण शिरेपर्यंत तास संपतो. शिवाय दगडात ड्रिल चालवणं जिवावर आल्यामुळे कंत्राटदाराने सगळी यंत्रं व्हरांड्यात लावली. त्यामुळे सध्या आम्ही शिकवतो वर्गात आणि ऑनलाइन हजेरी भरायला बाहेर येतो. तेवढ्यात मागच्या दाराने निम्मा वर्गही बाहेर येतो. पण ते नेट नसतं तेव्हाही यायचे, म्हणून त्याचा दोष तंत्रज्ञानाला देता येत नाही.

त्यात एड्युरोम आलं. ही मुळात फार सुंदर कल्पना आहे, २००२ मध्ये एका डच अभियंत्याने मांडलेली. जगातल्या कुठल्याही सहभागी विद्यापीठात जा, तिथलं वायफाय तुम्हाला तुमच्याच विद्यापीठाच्या पासवर्डवर चालतं. तिथलं यंत्र तुमच्या विद्यापीठाच्या सर्व्हरला विचारतं, 'हे गृहस्थ तुमचेच का?' तो 'हो' म्हणाला की काम झालं. आमचे एक सहकारी परिषदेसाठी हायडेलबर्गला गेले. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकताच खिशातला फोन आपोआप जोडला गेला आणि तुंबलेले सगळे मेसेज धो धो आले. आता, त्यांची ओळख पटवणारा सर्व्हर आमच्याच जिन्याखाली आहे. तो सहा-साडेसहा हजार किलोमीटरवरून जर्मनीला छातीठोकपणे सांगतो की हे आमचेच. मी त्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर बसतो. मला तो ओळखत नाही.

तक्रार करायची तर हेल्पडेस्कचं पोर्टल आहे. ते सुरक्षेच्या कारणास्तव फक्त कॅम्पसच्या नेटवर्कवरून उघडतं. म्हणजे नेट बंद असल्याची तक्रार करायला नेट चालू लागतं. ते असताना मी एकदा तक्रार नोंदवायला गेलो, तर पासवर्डची मुदत संपलेली. नव्या पासवर्डसाठी ओटीपी विद्यापीठाच्या मेलवर, आणि मेल उघडायला नवा पासवर्ड. शेवटी तिकीट निघालं, त्याला लांबलचक क्रमांक मिळाला आणि अठ्ठेचाळीस तासांत कुणीही न येता ते 'समाधानकारकरीत्या निकाली' निघालं. खाली पाच चांदण्या होत्या. त्यातल्या किती द्यायच्या हेही पोर्टलनेच ठरवलं होतं.

आमचे शिपाईमामा मात्र तिकिटाच्या फंदात पडत नाहीत. "सर, थांबा जरा," म्हणतात, जिन्याखाली जातात, बटण बंद करतात, तंबाखू मळून होईपर्यंत थांबतात आणि चालू करतात. नेट येतं. याच मामांचा अंगठा बायोमेट्रिक यंत्राला दिसत नाही. आयुष्यभर विटा, माती, फिनेल यांच्यात झिजलेला तो. सर्व्हर चालू करणारा माणूस त्या सर्व्हरच्या लेखी रोज गैरहजर असतो. मग मी कागदावर लिहून देतो की ते हजर होते. दोन प्रतींत.

पण खरी कसोटी 'अपार'ची. प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी ओळख क्रमांक, आणि त्याच्याशी जोडलेली ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, जी २०२१ मध्ये सुरू झाली. मुलाने मिळवलेले श्रेयांक तिथे जमा राहतात, कॉलेज बदललं तरी बरोबर येतात. हेतू उत्तम. फक्त नाव आधारशी जुळलं पाहिजे. आणि महाराष्ट्रात नाव जुळणं हे पत्रिका जुळण्याहून अवघड आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं, मग वडिलांचं, आईचं वेगळ्या ओळीत. आधारवर आडनाव शेवटी. हे पोर्टल ज्याने घडवलं त्याच्या गावी वडील बहुधा नावात राहत नसावेत, स्वतंत्र रकान्यात राहत असावेत.

त्यातून वडिलांचं नाव दत्तात्रय असेल तर मुलाने शिकूच नये. इंग्रजीत टी एक की दोन, मध्ये ए की ई, शेवटी आणखी एक ए आहे की नाही? आमच्या एका विद्यार्थ्याच्या आधारवर एक दत्तात्रय, गुणपत्रिकेवर दुसरा आणि आमच्याच कार्यालयाने प्रवेशाच्या वेळी टंकलेला तिसरा. पोर्टल म्हणालं, नाव जुळत नाही. कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, "राजपत्रात नाव बदलून घे."

"सर, माझं नाव बरोबर आहे. वडिलांचं चुकतंय."

"मग वडलांना घेऊन ये."

वडील आले. पहाटेच्या एसटीने, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची चळत. भाऊसाहेबांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि तिन्ही स्पेलिंगं दाखवली. "काका, यातले तुम्ही कोणते?"

काकांनी बराच वेळ बघितलं. मग पिशवीत हात घातला.

"साहेब, ते इंग्रजी काय मला कळत न्हाई. पण माझं सातबाऱ्यावर नुसतं दत्तू हाय. ते बी जोडू का?"

भाऊसाहेबांनी आधी दार लोटून घेतलं. "काका," ते हळूच म्हणाले, "ते आत ठेवा. पोर्टलला कळता कामा नये."