सुई टोचून लकवा जात नाही, आत्या

परवा खानापूरला आत्याकडं गेलो, तर भिंतीवरच्या कॅलेंडरला शिवणाची सुई टोचलेली आणि खाली काडेपेटी. आतोबांना बीपी आहे. अंगावरून वारं गेलंच तर हाताशी असावी म्हणून!

भजनी मंडळाच्या ग्रुपवर आलेला हा चिनी प्रोफेसरचा उपाय. लकवा मारला तर माणसाला जागचं हलवू नका, नाहीतर मेंदूतल्या बारीक शिरा फुटतील. दहाही बोटं टोचून थेंब थेंब रक्त काढा. तोंड वाकडं झालं असेल तर कान लाल होईपर्यंत ओढून पाळ्या टोचा. माणूस ठीक झाला की मग दवाखाना. बैलहोंगलच्या मित्राकडं हाच मजकूर कन्नडमध्ये आहे. १९५६ पासून आपण सीमेवरून भांडतोय, थापेवर मात्र एकमत.

बोटांचं आधी उरकतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या मुख्य धमन्या चार, चारही मानेतून वर जातात. त्यातली एखादी वाट कवटीच्या आत तुंबलेली असताना करंगळीतून थेंब काढून काय मोकळं होणार? आणि कान ओढण्याचं म्हणाल, तर शाळेत मास्तरांनी माझे पुष्कळ लाल केलेत. तोंड वाकडं होतं ते मेंदूतल्या बिघाडानं. डाव्या मेंदूचा हुकूम शरीराच्या उजव्या बाजूला चालतो, म्हणून डावीकडं इजा झाली की उजवा हात पडतो, बऱ्याचदा वाचाही जाते. कानाची पाळी यात कुठंच नाही.

खरा संताप येतो तो 'हलवू नका' वाचून. बहुतेक लकवे शीर फुटून नाही, गुठळी अडकून होतात. मेंदू वजनानं शरीराच्या २ टक्के, पण प्राणवायू खातो २० टक्के, आणि शिल्लक म्हणून काही ठेवत नाही. २००६ साली 'स्ट्रोक' या वैद्यकीय नियतकालिकात जेफ्री सेव्हर यांनी हिशोब मांडला: मोठी धमनी तुंबली तर उपचाराविना दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. आता सुई शोधा, तापवा, दहा बोटं टोचा, वाट बघा. अर्धा तास गेला तर पावणेसहा कोटींच्या आसपास पेशी गेल्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन करून, कारण शीर फुटलेली असेल तर त्याच इंजेक्शननं रक्तस्राव वाढतो. हा फरक घरी बसून कुणालाच कळत नाही. आणि शीर फुटलेली असली तरी जायचं दवाखान्यातच.

'आमच्या गल्लीतले अण्णा टोचल्यावर उठून बसले' असं आत्या सांगते. बसले असतील. कधीकधी गुठळी आपोआप सुटते, लक्षणं काही मिनिटांत जातात आणि श्रेय सुईला मिळतं. पण तो मोठ्या झटक्याचा इशारा असतो, पुढचे काही दिवस सगळ्यात धोक्याचे. अण्णांना त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवं होतं.

मजकुरातलं एक मात्र बरोबर आहे, नाइलाजानं कबूल करतो: हसायला सांगा, दोन्ही हात वर करायला सांगा, एक वाक्य बोलायला सांगा. यातलं एक जरी बिघडलं तर घड्याळ बघायचं, १०८ लावायचा. तोंडात पाणी, गोळी, काही घालायचं नाही, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. बेळगाव पंचवीसेक किलोमीटर आहे, निघा.

हे सगळं आत्याला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "मग सुई काढू काय रे?"

काढ म्हटलं, तिथं १०८ लिही, वेळ टिपायला पेन टांग.

"बरं. तुझ्या शर्टाचं बटण तुटलंय बघ, आण इकडं."