राउटर एकदा बंद करून चालू करून बघता का?

नेट बंद पडलं, ग्राहक सेवेला फोन लावला, भाषा निवडली, एक दाबला, तीन दाबला, पुन्हा मागे जाऊन नऊ दाबला, संगीत ऐकलं आणि शेवटी एकदाचा माणसाचा आवाज आला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, राउटर एकदा बंद करून चालू करून बघता का?" हे ऐकून भल्याभल्यांचा पारा चढतो. आपण पोर्ट, पॅकेट, प्रोटोकॉल असं सगळं जुळवून मुद्देसूद तक्रार तयार ठेवलेली असते आणि समोरचा आपल्याला खटका दाबायला सांगतो. उंटावरून शेळ्या हाकणं ते हेच, असं मनात येतं. तरीही मी या प्रश्नाची बाजू घेणार आहे, निदान अर्ध्या लेखापुरती. कारण पुष्कळदा तो बरोबर असतो आणि ते मान्य करताना जीव जातो.

राउटर हा एक छोटा संगणक आहे. त्यात प्रोसेसर असतो, बेताची मेमरी असते आणि घरातला कोणीही त्याला विश्रांती देत नाही. मोबाइल अधूनमधून बंद होतो, लॅपटॉप झोपतो, हा मात्र धूळ खात महिनोन्‌महिने जागा. त्याच्या मुख्य कामाचं मूळ एका टंचाईत आहे. इंटरनेटचे जुने, म्हणजे आयपीव्ही४चे पत्ते ३२ बिटांचे. ते एकूण भरतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६. १ जानेवारी १९८३ रोजी इंटरनेटच्या पूर्वजाने, म्हणजे अर्पानेटने, टीसीपी-आयपी हे आजचे संवादाचे नियम स्वीकारले तेव्हा हा आकडा सात पिढ्यांना पुरेल असा वाटला असणार. फेब्रुवारी २०११ मध्ये मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. म्हणून आता घरातल्या झाडून सगळ्या यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता, आणि आत १९२.१६८ वगैरेने सुरू होणारे घरगुती पत्ते. राउटर दारावरच्या रखवालदारासारखा वही घेऊन बसतो: आतून कोणी, कोणत्या पोर्टवरून (म्हणजे कोणत्या क्रमांकाच्या खिडकीतून), बाहेर कोणाला हाक मारली. उत्तर आलं की वही बघायची आणि ज्याचं त्याला द्यायचं.

बातम्यांचं एक पान उघडलं तरी मजकूर एकीकडून, चित्रं दुसरीकडून, जाहिराती भलतीकडूनच येतात, आणि तुमच्यावर नजर ठेवणारे आणखी कुठून कुठून. नोंदी वाढतच जातात. त्यात कोणी टॉरंट, म्हणजे एकदम असंख्य यंत्रांकडून फाइल ओढणारं प्रकरण, लावलं असेल तर बघायलाच नको. वही भरली की स्वस्तातला राउटर नवी नोंद घ्यायचं सोडून देतो, तेही एका शब्दाने न सांगता. लक्षण मोठं विचित्र असतं: आधीपासून चाललेला व्हिडिओ मजेत चालू राहतो आणि नवीन पान मात्र हलत नाही. "माझं चालतंय की!" असं घरातला व्हिडिओवाला छातीठोकपणे सांगतो आणि भांडण पेटतं. दोघंही खरं बोलत असतात. राउटर बंद-चालू केला की वही कोरी होते, कंपनीशी नव्याने ओळखपाळख होते, वाय-फायचं चॅनेल पुन्हा निवडलं जातं. प्रश्न सुटतो. का सुटला हे कोणी विचारत नाही.

मात्र बंद-चालू करण्याचीही रीत आहे. खटका खाली-वर केला आणि झालं, असं नाही. वीज काढल्यावरही आतले कपॅसिटर काही काळ भार धरून असतात आणि पलीकडच्या टोकालाही जुनं कनेक्शन मेल्याचं कळायला वेळ लागतो. तेव्हा अर्धा ते एक मिनिट शांत बसायचं. फायबरची डबी (बाहेरून आलेली काचेची केबल जिच्यात शिरते ती) आणि राउटर वेगवेगळे असतील तर आधी डबी चालू करायची, तिचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर, आणि मग दोन-तीन मिनिटं हात लावायचा नाही. आणि कृपा करून मागच्या बारीक भोकात टाचणी घालायची नाही. ते रीसेटचं बटण. दहा-एक सेकंद दाबून धरलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो: वाय-फायचं नाव गेलं, पासवर्ड गेला आणि कंपनीने दिलेलं लॉगिन असेल तर तेही गेलं. ते लॉगिन जोडणी करणाऱ्याने ज्या कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद कोणत्याच घरात सापडत नाही.

आता दुसरा अर्धा लेख. काही आजारांत हा उपाय म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

फायबरच्या डबीवर एलओएस असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल लुकलुकत असेल तर डबीपर्यंत उजेडच पोचत नाहीये, आणि राउटर हजार वेळा बंद-चालू केलात तरी फरक पडणार नाही. फायबरची काच सव्वाशे मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा अष्टमांश. आणि उजेड धावतो तो तिच्या पोटातल्या साधारण नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. पूर्ण आंतरिक परावर्तनाने तो आतच राहतो, पण केबल फार वाकवली की भिंतीतून बाहेर सांडतो. जुन्या पद्धतीच्या फायबरला तीन सेंटिमीटर त्रिज्येहून घट्ट वळण सोसत नाही. घरात वापरतात ती अधिक सोशिक, एक सेंटिमीटर किंवा त्याहून थोडं कमीही चालतं. तरी खिळ्याला गुंडाळलेली, दारात चेपलेली किंवा कपाटाने भिंतीला दाबून धरलेली केबल कोणत्याच जातीची टिकत नाही. साफसफाईच्या उत्साहात कपाट चार बोटं मागे सरकतं आणि नेट जातं. दोष अर्थातच कंपनीला.

दिवा हिरवा आहे पण नेट लहर फिरल्यासारखं येतं-जातं, अशा वेळी राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर जाऊन आरएक्स पॉवरचा, म्हणजे आत येणाऱ्या उजेडाच्या ताकदीचा, आकडा बघावा. तो उणे असतो म्हणून घाबरू नये. जीपॉन या घरगुती फायबरच्या नेहमीच्या जोडणीत उणे ८ ते उणे २७ डीबीएम (ही ताकद मोजायचं एकक) ही चालण्याजोगी मर्यादा. उणे २० म्हणजे अवघे १० मायक्रोवॅट, आणि तेवढ्यात सगळं घर भागतं. दर तीनने आकडा खाली गेला की उजेड निम्मा. उणे २६ दिसत असेल तर गाडी कड्याच्या टोकावर आहे. हा आकडा फोनवर सांगून बघा. पलीकडे क्षणभर शांतता पसरते आणि संभाषणाचा सूर बदलतो. एरवी फक्त "सर" असतं ते "हो सर, बरोबर सर" होतं.

लोकांची सगळ्यात मोठी श्रद्धा वाय-फायच्या काड्यांवर. "रेंज फुल्ल आहे, तरी नेट नाही!" अहो, त्या काड्या मोबाइल आणि राउटर यांच्यातल्या सलोख्याच्या. राउटरच्या पुढे रस्ता खचलाय की नाही, याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. आणि सलोख्याचंही म्हणाल तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आखलेले, पण प्रत्येकाचा पसारा वीसचा. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. गंमत अशी की शेजारी तुमच्याच चॅनेलवर असेल तर दोन्ही राउटर एकमेकांचं ऐकून पाळीपाळीने बोलतात. पण कोणी शहाणपणा करून ३ वर जाऊन बसला, की तो १ वाल्यालाही गोंगाट आणि ६ वाल्यालाही. मायक्रोवेव्ह ओव्हन चालतो २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणजे अगदी त्याच वस्तीत; काहीतरी गरम होईपर्यंत कॉल तुटक येतो. ५ गिगाहर्ट्झला गर्दी कमी, वेग जास्त, पण भिंती पार करताना तो दमतो. राउटर दिसायला बरा नाही म्हणून त्याला लोखंडी कपाटात, आरशामागे किंवा माशांच्या टाकीजवळ लपवणाऱ्यांना काय सांगावं? धातू लहरी परतवतो, पाणी पिऊन टाकतं.

खरं निदान स्वस्त आहे, पण त्याला क्रम लागतो. आधी आपल्या यंत्राला मिळालेला पत्ता बघा. यंत्र नव्याने जोडलं की राउटरशी चार वाक्यांचा संवाद होतो: "आहे का कोणी?", "हा पत्ता रिकामा आहे", "मग घेऊ?", "घे". पत्ता जर १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पहिल्याच हाकेला कोणी ओ दिली नाही आणि यंत्राने स्वतःच स्वतःचं बारसं उरकलं, असं समजायचं. पत्ता ठीक असेल तर राउटरला पिंग करा, म्हणजे "आहेस का?" अशी हाक मारा. तो बोलला तर बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला. आकड्याला उत्तर येतंय पण नावाने एकही साइट उघडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेचा. एके काळी जाळ्यावरच्या सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलमध्ये होती आणि प्रत्येकाने ती उतरवून घ्यायची असा कारभार होता. यंत्रं वाढली, यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिसने ही नावांची वाटून दिलेली व्यवस्था मांडली. तेव्हापासून काहीही बिघडलं की तज्ज्ञ मंडळी डोळे मिटून डीएनएसकडे बोट दाखवतात, आणि वाईट म्हणजे बऱ्याचदा बरोबर निघतात.

एक चोर मात्र या पंक्तीत कधी सापडत नाही: घड्याळ. जुन्या संगणकातला बटणासारखा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. पिंग उत्तम, डीएनएस उत्तम, आणि प्रत्येक साइट धोक्याची म्हणून ओरडते, कारण सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत त्या संगणकाच्या हिशेबाने अजून सुरूच झालेली नसते. तारीख दुरुस्त करा, सगळी संकटं टळतात.

वेगाच्या तक्रारींपैकी निम्म्या आठच्या पाढ्यातल्या. कंपनी मेगाबिट विकते, डाउनलोडची पट्टी मेगाबाइट दाखवते, आणि आठ बिटांचा एक बाइट. १०० चं कनेक्शन आणि पट्टीवर साडेबारा, म्हणजे फसवणूक झालेली नाही. पण कनेक्शन त्याहून मोठं असून केबल लावल्यावरही आकडा कायम ९४ च्या आसपास अडकत असेल, तर त्या केबलकडे संशयाने बघा. तिच्यात आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० ला चार पुरतात. एखादी तार प्लगपाशी तुटली की दोन्ही टोकं गुपचूप १०० वर तडजोड करतात आणि त्यातला थोडा भाग पॅकेटांच्या, म्हणजे माहितीच्या तुकड्यांच्या, वेष्टनात जातो. कोणी काही कळवत नाही. संगणकांच्या जगात तडजोडी अशाच होतात.

वेग वेगळा आणि विलंब वेगळा, हे तर समजावून सांगता सांगता घसा बसतो. काचेतून उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरशी जाऊन यायला १०० मिलिसेकंद लागणारच, मग प्लॅन कोणताही घ्या. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर. प्रश्न वर-खाली आणि उत्तर वर-खाली म्हटल्यावर जवळजवळ अर्धा सेकंद नुसत्या प्रवासात. ज्यांना हे फार वाटतं त्यांनी १ एप्रिल १९९० चं इंटरनेटचं ते एप्रिल फूलचं मानक आठवावं, ज्यात पॅकेटं कबुतरांच्या पायाला बांधून पाठवण्याची पद्धत गांभीर्याने नमूद आहे. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनच्या हौशी मंडळींनी ती खरंच करून पाहिली: नऊ पॅकेटं सोडली, चार उत्तरं आली, आणि सगळ्यात चपळ उत्तराला सुमारे ५३ मिनिटं लागली. तरी संदेश पोचला! वाहन कोणतंही असो, पॅकेटाला त्याचं सोयरसुतक नसतं; सगळं इंटरनेट याच बेफिकिरीवर उभं आहे.

आणि कधी बिघाड तुमच्याकडे नसतोच. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जवळजवळ सहा तास गायब होते. देखभालीच्या एका आज्ञेने त्यांच्या केंद्रांना जोडणारं आतलं जाळंच तुटलं. ते पाहून त्यांच्या डीएनएस सर्व्हरनी "आमच्याकडे यायचा रस्ता हा" अशी जगाला सतत द्यावी लागणारी बीजीपीची दवंडी मागे घेतली. रस्ता नाही म्हणजे पत्ता नाही, पत्ता नाही म्हणजे कंपनी नाही. पृथ्वीवरचे सगळे राउटर एकदम बंद-चालू केले असते तरी ढिम्म फरक पडला नसता. चोर सोडून संन्याशाला फाशी. अशा वेळी दुसरी कोणतीही साइट उघडून बघायची. ती उघडली तर आपल्या राउटरला सोडून द्यायचं. बिघाडाची परंपरा तशी जुनीच आहे म्हणा. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री अर्पानेटवर लॉस एंजेलिसहून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पहिला शब्द पाठवायचा होता 'लॉगिन'; एल गेला, ओ गेला आणि पलीकडचा संगणक कोसळला. तासाभराने तो पुन्हा उभा केल्यावर पूर्ण लॉगिन झालं. तेव्हा निदान ग्राहक सेवा नव्हती.

एवढी सगळी तपासणी करून तक्रार नोंदवलीत, की तंत्रज्ञ येतो. तो तुमचं टिपण वाचत नाही. डबीतला फायबरचा प्लग काढतो, अल्कोहोल लावलेल्या कापडाने टोक पुसतो, परत बसवतो आणि आकडा उणे २६ वरून उणे २० वर येतो. नऊ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण म्हणजे डोंगर, हे त्याला ठाऊक असतं. तो पुसत असताना टोकात डोकावून बघू नका, तो उजेड अवरक्त असल्याने दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो. आणि तो गेल्यावर आपणही एकदा पुसून बघावं, असा मोह झालाच तर हिरवा प्लग निळ्या खोबणीत खुपसू नका: हिरव्याचं टोक आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोन्ही अगदी छान बसतात, खट् असा समाधानाचा आवाजही येतो, आणि आकडा होता त्याहून खाली जातो.